खळ माझ्या पदराची होती, कमल

कमल,

काल तुझी तेरवी झाली. जेवणं नीट पार पडली, हे आधी सांगते, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस. वांग्याची भाजी जरा तिखट झाली होती, पण कोणी पानात टाकली नाही. जेवणं आटोपल्यावर अंगणात खुर्च्या मांडल्या आणि शोकसभा घेतली. तुझा दादा नको म्हणत होता. "कमलले भाषणं आवडत नव्हती," म्हणाला. मीच म्हटलं, होऊ द्या, चार लोक चांगलं बोलतील. ही माझी हौस. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तू तिला नावं ठेवत आलीस, आणि काल तू नसताना ती माझ्या अंगाशी आली.

आपले निवृत्त प्राचार्य बोलायला उभे राहिले. तू त्यांना बटण बिघडलेला मिक्सर म्हणायचीस. ते म्हणाले, कमलताई साध्या होत्या, मनमिळाऊ होत्या, कोणाला कधी उलटून बोलल्या नाहीत. मी चोरून तुझ्या फोटोकडे पाहिलं. फोटो हार घालून गप्प होता. मग ते म्हणाले, "आईच्या दुधावरचं ते नॅनोचं संशोधन म्हणजे आपल्या कॉलेजचं भूषण. ते वहिनींनी केलं. कमलताईंच्या हातून त्यात एक चूक झाली होती, पण वहिनींनी ती पोटात घातली. नणंद-भावजय असाव्या तर अशा."

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून वाजल्या नाहीत. माना मात्र हलल्या. मी खाली पाहिलं. लोकांना तो विनय वाटला असेल. कमल, मी गप्प बसले. घसा बसला नव्हता, डोळ्यांना पाणीही आलं नव्हतं. उठून "सर, चूक माझी होती" एवढं म्हणायला श्वासही पुरला असता. मी पदर सावरून बसून राहिले.

प्राचार्यांचा दोष नाही. जे गोंदियाभर पसरलं तेच ते बोलले. पसरवलं कोणी, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तू आता बोलणार नाहीस, म्हणजे मलाच बोलावं लागेल.

तेव्हाच्या मला मी हल्ली मनातल्या मनात 'मॅडम' म्हणते. 'मी' म्हटलं की लाज वाटते, 'मॅडम' म्हटलं की थोडं हसता येतं. मॅडम रसायनशास्त्र शिकवत. पन्नाशी ओलांडलेली होती, केस रंगवलेले होते, आणि सुती साड्या अशा कडक की मॅडम वर्गात शिरण्याआधी साडीचा आवाज शिरायचा. "वहिनी, तुहं लुगडं कागदावानी वाजते," असं तू म्हणायचीस. मॅडमला ती स्तुती वाटायची. तू समोरच्या इमारतीत प्राणिशास्त्र शिकवायचीस, सिंथेटिक साडी किंवा सलवार-कमीज, पायात रबरी चपला. एका घरातून एकाच वेळी निघून आपण कॉलेजात दोन वेगवेगळ्या दारांनी शिरायचो, कारण तुझ्यासोबत आत जायला मॅडमला संकोच वाटायचा. हेही आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुला ते कळलं नसेल, असं मानण्याइतकी मी आता बावळट राहिलेली नाही.

त्या वर्षांत नॅनो हा शब्द नवा होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी होता. केसाच्या जाडीचे लाखभर भाग करा, त्यातला एक म्हणजे साधारण तेवढं माप. मॅडमने ठरवलं की गोंदियात नॅनो कशातून निघेल तर तुसातून. आपल्याकडे राइस मिल इतक्या, आणि प्रत्येकीच्या मागे तुसाचा डोंगर. तूस हवा लागू न देता तापवायचं, त्याचा कोळसा करायचा, त्यातली वाळूसारखी सिलिका कॉस्टिक सोड्याने काढून टाकायची. ती जिथून निघून जाते तिथे नॅनो मापाची भोकं राहतात. बिरसीला, विमानतळाजवळच्या आपल्या शेताच्या बांधावर मॅडमने तुसाचे डबे मातीने लिंपून भाजले. वर शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालत होती. तू म्हणालीस, "वरून त्याईले वाटत असंन, खाली कोणाचं सरण जळून राहिलं." मॅडम रागावली. तुझा विनोद चांगला होता. मॅडमकडे विनोदाला वेळ नव्हता, तिला शोध लावायचा होता.

पण त्या कोळशाचं करायचं काय, हे मॅडमला सुचलं नव्हतं. ते तुला सुचलं. हे मोठ्या अक्षरात छापता आलं तर छापावं, अशी संपादकांना विनंती आहे.

तू सांगितलंस की आईच्या दुधात साखरेचे मणी गुंफलेल्या लहानमोठ्या माळा असतात. शास्त्रात त्यांना ग्लायकन म्हणतात. बाळाला त्या पचत नाहीत. बाळाच्या आतड्यातले चांगले जंतू त्यांच्यावर जगतात आणि बाळाला राखतात. "आई एका टायमाले दोघाईले पाजते, वहिनी. लेकराले अन् त्याच्या राखणदाराले." सांगताना तुझा चेहरा असा झाला होता की स्वतःचं मूल नसलेली ही बाई कोणाच्या दुधाबद्दल बोलते आहे, असा आगाऊ विचार मॅडमच्या मनात येऊन गेला. तोंडावर आला नाही, एवढंच मॅडमचं पुण्य.

या माळा तोलायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. म्हणजे रेणूंचा काटा. लेसरचा झटका देऊन रेणू उडवायचे आणि नळीतून पळवायचे. हलका आधी पोचतो, जड मागून. पोचायला लागलेल्या वेळावरून वजन कळतं. अडचण अशी की ग्लायकन लाजाळू असतात. दुधातली चरबी, प्रथिनं आणि क्षार सोबत असले की त्या गर्दीत ते उडतच नाहीत. तू म्हणालीस, तुझ्या कोळशातून दूध गाळून पाहू. गर्दी वाहून जाईल, भोकांमध्ये माळा अडकतील, मग त्या धुऊन काढू. शिवाय कोळसा काळा. त्याची बारीक पूड नमुन्यात ठेवली तर लेसरची उष्णता तोच घेईल आणि माळांना हळूच वर सोडेल. नेहमीची उडवायची पूड वापरली की तिचाच कचरा काट्यावर दिसतो, तोही कमी होईल. कोळसा मॅडमचा, कल्पना तुझी. अर्जावर मुख्य संशोधक म्हणून मॅडमचं नाव गेलं, कारण तू म्हणालीस, "टाक ना तुहंच, मले का करा लागते." मॅडमने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दूध तू आणलंस, तिरोड्याकडून, बोदलकशाच्या तलावाच्या बाजूच्या गावांतून. तिथल्या बायका तुला ओळखत होत्या. तुझ्या विद्यार्थिनी तिकडच्याच होत्या. एकदा मॅडमही सोबत आली होती. एका घरी सरिता नावाची बाळंतीण होती, आणि तिच्या सासूने आपल्याला दारातच अडवलं.

"डेअरीत म्हशीचं तपासतेत, फॅट पाहाले," ती म्हणाली. "बाईचं कायले तपासता? विका लागते का?"

"विका नाही लागत, मावशी," तू उंबऱ्यावरच बसलीस. "त्यात लेकराच्या कामाचं काय काय हाय ते पाहा लागते. लेकराचं पोट भरू द्या. उरलं तर द्या, नाही उरलं तर चहा द्या."

"अन् खराब निघालं त?"

"आईचं दूध खराब नाही निघत. तरी काही निघालं, त मी सोता येऊन सांगन."

तिने चहाही दिला आणि दूधही. मॅडमने चहा घेतला नाही, कारण कप कसे धुतले असतील असं तिला वाटलं. तू दोन्ही कप प्यालीस. दुधाच्या नळ्या तू मासळीवाल्याकडून आणलेल्या थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवल्यास, आणि गोंदियापर्यंत बसमध्ये लोक वळून वळून पाहत होते की या मास्तरणी मासे घेऊन कुठे निघाल्या.

नमुने मॅडमने स्वतःच्या हाताने गाळले. बाकी कोणाला शिवू दिले नाहीत. नळ्यांची तोंडं उघडी ठेवून त्यांवर वाकून थेंब थेंब सोडायची, पदर डाव्या हाताने मागे टाकायची, तो परत पुढे यायचा. तू म्हणालीस, सोबत कोरा नमुनाही पाठव, म्हणजे दुधाऐवजी नुसतं पाणी त्याच कोळशातून गाळून. मॅडम म्हणाली, हैदराबादला यंत्रावर वेळ मिळवायला इतक्या विनवण्या केल्या, तो वेळ पाण्यावर कशाला घालवायचा? मुलांना पहिल्या वर्षी ती जे शिकवायची, ते ती स्वतः विसरली. मुलांचे मार्क यावरून कापणारी बाई ती.

हैदराबादच्या प्रयोगशाळेतला यंत्रावरचा माणूस आलेख काढून देताना म्हणाला, "मॅडम, बहुत सुंदर सीढ़ी है." खरंच शिडी होती. ओळीने टोकं, प्रत्येक दोन टोकांमध्ये एका साखरमण्याएवढं अंतर, एकामागे एक, लांबपर्यंत. दुधात नेहमी सापडणाऱ्या माळांमध्ये वेगवेगळे मणी असतात, त्यांची टोकं अशी सारख्या अंतरावर नसतात. मॅडमने तिथल्या तिथे ठरवलं की जगात कोणालाही न सापडलेल्या माळा आपल्या बायकांच्या दुधात आहेत. परतीच्या गाडीत ती झोपली नाही. बक्षीस घ्यायला जाताना कोणती साडी नेसायची, याचा तिने विचार केला, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. गर्भरेशमी, मोरपंखी.

आणि मॅडमने ते पेपरात दिलं. शास्त्राच्या पत्रिकेआधी इथल्या पेपरात. बातमी आली की तिरोडा भागातल्या मातांच्या दुधात आजवर कुठेही न आढळलेले घटक. मॅडमचा फोटो, मागे नळ्या मांडलेलं टेबल, अंगावर कडक साडी. मॅडमने पेपर वाचून दाखवायला तुला बोलावलं. तू बातमी उभ्यानेच वाचलीस आणि म्हणालीस, "हे गावात कोण कसं वाचंन, इचार केला का वो?"

मॅडम म्हणाली, "शिकलेले लोक वाचतील."

पुढच्या आठवड्यात दुसरे नमुने घ्यायला तू गेलीस, आणि सरिताच्या घरी बाळाच्या तोंडात बाटली होती. गावात कोणीतरी पेपर वाचून दाखवला होता. दुधात वेगळं काहीतरी निघालं, गोंदियाच्या मॅडमनं यंत्रात पाहिलं. सासूने सुनेचं दूध तोडलं. डब्याची पावडर आणली, ती पातळ करून पाजत होते, आणि बाळाला जुलाब लागले होते. सरिता पदराखाली भिजलेलं पोलकं घेऊन भिंतीशी बसली होती. तू त्या घरात दिवसभर बसलीस. बाळ पुन्हा आईच्या कुशीत जाईपर्यंत उठली नाहीस, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तू फक्त एवढं म्हणालीस, "वहिनी, लेकरू वाचलं." मॅडमने विचारलं, "कोणतं लेकरू?"

त्यानंतर तू माझ्याशी कामापुरतं बोलायला लागलीस. सगळे आलेख घेऊन जेवणाच्या टेबलावर पसरलेस. "एका घरच्या दोन बायाईचं दूध सारखं नसते. मंग इथं सगळ्याईची शिडी एकसारखी काऊन? पायऱ्याही तितक्याच, उंचीही तितकीच." मॅडम म्हणाली, हेच तर नवल. तू म्हणालीस, नवल नाही, घोटाळा. मॅडमला न विचारता तू कोरं पाणी कोळशातून गाळलंस, आणि रजा टाकून स्वतः हैदराबादला घेऊन गेलीस. एका नळीतलं पाणी तू एकटीने गाळलं होतंस, दुसरीतलं मॅडमकडून गाळून घेतलं होतंस, मुलांना दाखवायला म्हणून. मॅडम फुशारकीने गाळत बसली होती.

तू परत आलीस तेव्हा मी मागच्या अंगणात होते. स्टेशनवरून तू थेट मागेच आलीस, पिशवी खांद्यालाच. मी पातेल्यात साडी बुडवत होते. आदल्या दिवशीच्या भाताची पेज गाळून ठेवायची, जरा आंबू द्यायची, तिची खळ अशी बसते की विकतच्या कांजीला जमत नाही. माझ्या सासूने, म्हणजे तुझ्या आईनेच, ते शिकवलं होतं.

"त्या गंजात का हाय?" तू विचारलंस.

"पेज. काय पाहिजे?"

"हात नको काढू." तू पिशवीतून नळी काढून तिच्यात पेज घेतलीस. मग माझ्या दोरीवरच्या वाळलेल्या साडीचा काठ नखाने खरवडलास. पांढरी भुकटी तुझ्या बोटावर आली. ती तू मला दाखवलीस.

भाताचा स्टार्च म्हणजे एकाच तऱ्हेच्या साखरमण्यांची भलीमोठी माळ. पेज आंबली की तिचे लहान तुकडे होतात. तेच तुकडे वाळलेल्या पदरातून उघड्या नळ्यांमध्ये पडत होते. काटा इतका बारीक की तेवढीही भुकटी त्याला पुष्कळ. तू गाळलेल्या पाण्यात शिडी नव्हती. मॅडमने गाळलेल्या पाण्यात होती. पुढच्या खेपेला पेजही तोलून झाली, आणि पायरीला पायरी जुळली.

"कोयशाले नावं नको ठेवू," तू म्हणालीस. "लय गुणाचा हाय. तुहा पदरही सोडला नाही त्यानं."

तेव्हा मी हसले असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. मी घरात गेले आणि दार लावून घेतलं.

मग आपलं ते भांडण, जे कधी मिटलं नाही. तू म्हणालीस, ज्या पेपरात छापलं त्याच पेपरात छापून आण की तसं काही निघालं नाही. मॅडम म्हणाली, आधी काम नीट करू, मग एकदमच सांगू. तू काम नीट केलंस. झाकणाच्या नळ्या, टेरिकॉटची साडी, प्रत्येक दुधासोबत कोरं पाणी. या वेळी आलेख असे आले की तो यंत्रावरचा माणूसही खुर्ची ओढून बसला. मॅडमच्या कोळशाने गर्दी बाजूला सारली होती, आणि एरवी न दिसणाऱ्या बारीक माळाही स्वच्छ उभ्या होत्या. त्या सगळ्या आधीच माहीत असलेल्या होत्या, जगातल्या कुठल्याही आईच्या दुधात असतात तशाच.

"यात नवीन काय आहे?" मॅडमने विचारलं.

"नवीन नाही. चांगलं हाय," तू म्हणालीस. "तेच सांगा लागते त्याईले."

"काही नाही निघालं, हे कोण छापतं, कमल? कॉलेजचं नाव जाईल."

"कोणाची चूक ते नको लिहू. चूक होती एवढं लिही ना."

मॅडमने लिहिलं नाही. कोळसा किती चांगला धरतो यावर एक लहानसा शोधनिबंध निघाला, तो खरा होता, आणि त्यात शिडीचा उल्लेख नव्हता. मॅडमला कॉलेजात शाल मिळाली. तू सुट्टीच्या दिवशी बस पकडून दारोदार गेलीस आणि प्रत्येकीला सांगितलंस की बाई, तुझं दूध चांगलं आहे. काहींनी तुला पाणी दिलं, काहींनी दारातून परत पाठवलं, असं तू सांगत होतीस. मी सोबत येते, असं म्हणायचं मी दर वेळी ठरवायचे आणि तुझा डबा भरून द्यायचे. डब्यात तुझ्या आवडीची चटणी घालायचे. एवढंच.

आणि मग मी आजी झाले, आणि मॅडमपेक्षा लबाड झाले. नातवंडांना गोष्टी लागतात. पदरामुळे यंत्र कसं फसलं, ही गोष्ट त्यांना फार आवडली. ती सांगताना पहिल्यांदा मी म्हटलं, "तुमच्या आत्याआजीची ओढणी." का म्हटलं? गोष्टीत आजी शहाणी असली की मुलं पुढची गोष्ट मागतात म्हणून. पुढच्या खेपेला तेच म्हटलं. मग पाहुण्यांसमोर म्हटलं, मग कॉलेजच्या समारंभात हसत हसत म्हटलं. तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा आतल्या खोलीत तांदूळ निवडत होतीस. ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मुलं निजल्यावर तू म्हणालीस, "वहिनी, तुहा पदर लांब हाय वो. माह्या अंगावर आला." मी म्हटलं, "अगं गंमत केली." तू म्हणालीस, "माह्या नावानं सांग, मले काही नाही. पण पेपरात दे."

मी तुझ्या वाक्यातलं पहिलं घेतलं आणि दुसरं सोडून दिलं. चांगलं जमतं मला ते.

मागच्या उन्हाळ्यात, तुझं आजारपण सुरू झाल्यावर, मी तुझे केस विंचरत होते. तू पुन्हा तेच काढलंस. मी म्हटलं, "आता कोणाला आठवतं ते? ती मुलं आता मोठी झाली." तू म्हणालीस, "त्याईच्या मायाईले आठवते." मी फणी धुवायला उठले. कमल, फणीत केसच नव्हते फार, धुवायचं काही नव्हतं.

काल शोकसभा संपल्यावर एक बाई माझ्याजवळ आली. मी ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं, सरिता. सकाळच्या बसने आली होती. सोबत उंचशी मुलगी होती, शाळेचा दाखला काढायचा म्हणून गोंदियाला आणलेली. ती म्हणाली, हीच ती. मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता ते सर बोलले ते ऐकलं," सरिता म्हणाली. "कमलबाईची चूक होती का?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या पलीकडे प्राचार्य पान लावत होते.

"कमलबाई आमच्या घरी आल्या होत्या," ती म्हणाली. "तुमी नाही आल्या." रागाने म्हणाली नाही. बस किती वाजता आहे, हे सांगावं तसं म्हणाली. मग तिने मुलीला पुढे घातलं आणि दोघी तुझ्या फोटोला फूल वाहायला गेल्या. मी "नाही, माझी चूक होती" असं म्हटलं खरं, पण ती तोवर पाठमोरी झाली होती. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. विचारायला मी मागे गेले नाही. बघ, सत्तरी आली तरी बाई जागची हलत नाही.

म्हणून हे तुझ्यावरचं लिहिणं मी त्याच पेपरला देते आहे. ते शोकलेख म्हणून घ्यायला तयार आहेत. शोकलेखात कोणी काटछाट करत नाही, हे मी धूर्तपणे लक्षात ठेवलं आहे. तुझ्याबद्दल चांगलं लिहायला जागा उरली नाही. तू रागीट होतीस, चहा जास्त प्यायचीस, माझ्या साड्यांना हसायचीस, आणि या घरात माझ्याशी खरं बोलणारी तू एकटी होतीस. मला तुझी इतकी सवय झाली होती की मी तुला गृहीत धरलं. आभार मानायला जीभ वळत नाही. आधी जे द्यायचं राहिलं आहे ते देते.

बोदलकशाच्या बाजूच्या गावांतल्या ज्या बायांनी तेव्हा दूध दिलं, त्यांच्यासाठी. तुमच्या दुधात वेगळं काही निघालं, असं या पेपरात छापून आलं होतं. ते चुकीचं होतं. ती माझ्या साडीची खळ होती, माझ्या हातून पडलेली. कमलताईंची त्यात चूक नव्हती. त्यांनीच ती शोधली. तुमचं दूध चांगलं होतं, जसं आईचं असायला पाहिजे तसंच.

हे लिहून वाचून पाहिलं. तू इथे असतीस तर चष्मा कपाळावर सारून म्हणाली असतीस, "एवढंसं लिहाले मले मरा लागलं का वो वहिनी?"

लागलं, कमल.